इंजिनाचा श्वास : साधा की जोराचा?

मोटारीच्या मागच्या दारावर धातूच्या अक्षरांत ‘टर्बो’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ज्या मोटारीवर ते नसते तिचे इंजिन कमअस्सल असते असे नाही, आणि ज्या मोटारीवर असते ती प्रत्येक मोटार वाऱ्याशी स्पर्धा करते असेही नाही. गंमत अशी की, गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मोटारींच्या कारखानदारांनी या टर्बोला तीनदा डोक्यावर घेतले आणि दोनदा अडगळीत टाकले. यंत्र तेच, त्याचे तत्त्व तेच. मग मत असे वरचेवर का बदलावे? ते समजायला आधी इंजिन श्वास कसा घेते ते पाहावे लागेल.

पेट्रोल इंजिन हे मुख्यतः हवेवर चालणारे यंत्र आहे, असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण जरा हिशेब करा. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एका लहान मोटारीचे इंजिन १२०० घनसेंटिमीटरचे, म्हणजे १.२ लिटरचे आहे असे समजू. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले पोट हवेने भरते. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील, तर ते १५०० वेळा पोट भरील. म्हणजे चालकाने पाय पुरता दाबला असता मिनिटाला १८०० लिटर हवा! तिचे वजन दोन किलोग्रॅमहून थोडे अधिक भरते, आणि तिच्याबरोबर जळणारे पेट्रोल असते अवघे १४५ ग्रॅमच्या आसपास. एक पेलाभर म्हणा ना. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, त्याला अडचण नाही. अडचण आहे ती हवेची. जेवढी हवा आत, तेवढेच इंधन जळणार, आणि तेवढीच शक्ती मिळणार.

ही हवा आत ढकलतो कोण? इंजिन हवा ओढते असे आपण बोलताना म्हणतो, पण तसे नसते. दट्ट्या खाली गेला की सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरचे वातावरण आपल्या दाबाने हवेला झडपेतून आत लोटते. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम, एवढाच हा दाब. त्याहून जास्त जोर निसर्ग लावत नाही. म्हणून अशा इंजिनाला नैसर्गिक श्वासाचे इंजिन म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ‘साधे इंजिन’ म्हणू. घाट चढून महाबळेश्वरला गेले की हवेचा दाब कोकणपट्टीच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, आणि साध्या इंजिनाची शक्तीही जवळजवळ तेवढीच घटते.

मग शक्ती वाढवायची कशी? इंजिनाचे पोट मोठे करावे, हा एक मार्ग. त्याला अधिक वेगाने श्वास घ्यायला लावावे, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे हवा जबरदस्तीने आत कोंबावी. कोंबायला पंखा हवा, आणि पंखा फिरवायला शक्ती हवी. ती इंजिनाकडूनच घेतली तर घरचेच काढून घरात दिल्यासारखे होते. येथे आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला एक युक्ती सुचली. इंधन जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक-तृतीयांश रेडिएटरच्या पाण्याबरोबर जाते आणि उरलेली तृतीयांश सायलेन्सरच्या नळीतून तप्त वायूंबरोबर वाया जाते. या वायूंच्या वाटेत एक लहानसे चक्र ठेवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवावा आणि त्या पंख्याने ताजी हवा दाबून इंजिनात घालावी! ब्यूखीने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. प्रत्यक्षात ती नीट उतरायला १९२५ साल उजाडले. तेव्हा त्याने एका मोठ्या डिझेल इंजिनाची शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढवून दाखवली.

मधल्या काळात विमानांना या युक्तीची निकड भासली होती. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिन दमते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे इंजिन कोलोराडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडताच ३५६ झाली. डोंगराच्या माथ्यावर इंजिनाला समुद्रकाठची हवा मिळाली, असेच म्हणायचे. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने या टर्बोच्याच जोरावर उंच उडाली.

एवढे चांगले यंत्र मोटारीत लगेच का आले नाही? याचे उत्तर तुमच्या सायकलच्या पंपात आहे. चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. समजा, २७ अंश सेल्सिअसची म्हणजे ३०० केल्व्हिनची हवा आपण टर्बोने दीडपट दाबापर्यंत दाबली. पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ही हवा सुमारे ८० अंशांपर्यंत, म्हणजे ३५३ केल्व्हिनपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते. तिची घनता किती पट झाली? दीडला ३०० ने गुणा आणि ३५३ ने भागा : उत्तर येते १.२७. म्हणजे दाब ५० टक्के वाढवला, पण हवा वाढली फक्त २७ टक्के. जवळपास निम्मा फायदा उष्णतेने गिळला! म्हणूनच आजच्या टर्बो मोटारींत इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये हवा थंड करणारा एक रेडिएटर असतो. त्याला इंटरकूलर म्हणतात. त्याने हवा ४५ अंशांवर आणली तर हेच उत्तर १.४१ येते. स्वतः ताडून पाहा.

उष्णतेचा दुसरा उपद्रव याहून वाईट. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्या आणखी दाबतो, ते आणखी तापते, आणि ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. इंजिनातून खडखड आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. असे सतत होत राहिले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडते. यावर जुना उपाय म्हणजे दट्ट्याने मिश्रण कमी दाबावे. साधी इंजिने आपले मिश्रण नऊ-दहा पट दाबत. टर्बोवाल्यांनी ते साडेसहा-सात पटींवर आणले. पण याची किंमत मोजावी लागते, कारण मिश्रण जितके कमी दाबावे तितके त्याच इंधनातून काम कमी निघते. टर्बो वेगात नसेल तेव्हा असे इंजिन साध्या इंजिनापेक्षाही आळशी वाटते आणि पेट्रोल मात्र जास्त पिते.

आता पहिल्या उत्साहाची कथा ऐका. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन मोटारी टर्बो घेऊन बाजारात आल्या, शेवरले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर. जेटफायरच्या अभियंत्यांना दट्ट्याचे दाबणे कमी करायचे नव्हते. त्यांनी ते १०.२५ पट ठेवले आणि नॉकिंग टाळण्यासाठी हवेच्या वाटेत शुद्ध पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारले. ते बाष्प होताना उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते तेच हे तत्त्व. साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती निघाली. शास्त्र अगदी बिनचूक होते. चुकला तो माणसाच्या स्वभावाचा अंदाज. हे द्रव वेगळ्या टाकीत भरावे लागे, आणि पुष्कळ मालक ते भरायचे विसरत. टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा जोर तोडून टाकी. मग मालकाची तक्रार की, गाडी ओढत नाही! १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढे तर कंपनीने कित्येक मालकांचे टर्बो काढून त्या जागी साधा कार्बुरेटर बसवून दिला. माझ्या मते यंत्रशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुसरा प्रयत्न जर्मनीत झाला, तोही मोठ्या कुमुहूर्तावर. बीएमडब्ल्यूने १९७३ साली ‘२००२ टर्बो’ काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ हा शब्द उलटा लिहिलेला होता. पुढच्या चालकाने आरशात पाहिले की तो सुलटा दिसावा आणि त्याने वाट सोडावी, हा हेतू! त्याच वर्षी ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखले, आणि जर्मनीत काही रविवारी मोटारी चालवायलाच बंदी झाली. अशा वेळी पेट्रोल उधळणारी ही मिरवणूक कोणाला रुचणार? अवघ्या १,६७२ गाड्या बनवून ती बंद पडली. त्यानंतर आलेली पोर्शची ९११ टर्बो टिकली, पण ती श्रीमंतांची खेळण्याची वस्तू होती.

टर्बोला घरगुती वळण लावले ते स्वीडनच्या साब या लहानशा कंपनीने. नवे मोठे इंजिन बनवायला तिच्याजवळ पैसा नव्हता. गरजेपोटी पेर यिलब्रांड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा घातला. तोवर सगळे जण टर्बोकडून जास्तीत जास्त शक्ती मागत होते. मोठे चक्र फिरायला वेळ लागतो, म्हणून पाय दाबल्यावर काही क्षण काहीच घडत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. साबने चक्र लहान घेतले. लहान चक्र थोड्या वायूनेही लवकर वेग घेते. वेग फार वाढला तर जास्तीचे वायू बाजूने सोडून देणारी एक झडप ठेवली. १९७८ पासून विकल्या गेलेल्या ‘९९ टर्बो’चे दोन लिटरचे इंजिन १४५ अश्वशक्ती देई, तेच इंजिन टर्बोशिवाय ११८ देत असे. वाढ भरमसाट नाही, पण ती रोजच्या वेगात, ट्रक मागे टाकताना हाताशी येणारी होती. १९८२ मध्ये तर याच मंडळींनी इंजिनाला जणू कान दिले. नॉकिंगची कंपने टिपणारा एक संवेदक ठोकळ्यावर बसवला. खडखड सुरू होताच टर्बोचा दाब आपोआप कमी होई. साब मोटारींची कंपनी २०११ साली दिवाळखोरीत गेली, पण हा कान आज जवळपास प्रत्येक टर्बो पेट्रोल मोटारीत आहे.

शर्यतींचे जग या काळात टर्बोने पार उलटेपालटे केले. फॉर्म्युला वनच्या नियमांत तीन लिटरचे साधे किंवा दीड लिटरचे हवा कोंबणारे इंजिन चालत असे. १९७७ मध्ये रेनोने दीड लिटरची टर्बो गाडी आणली. ती इतक्यांदा वाफ आणि धूर सोडत थांबे की, इंग्रज तिला ‘पिवळी किटली’ म्हणून चिडवीत. दोनच वर्षांनी, १९७९ साली, त्या किटलीने फ्रान्सची शर्यत जिंकली. १९८८ साली तर टर्बो लावलेल्या मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती घेतल्या. १९८९ पासून नियमकर्त्यांनी टर्बोवर बंदीच घातली.

बंदी शर्यतीतली, पण रस्त्यावरही मन फिरलेच होते. त्याला कारणे होती. सिलिंडरला चार-चार झडपा बसवल्याने साधे इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले. होंडाने १९८९ मध्ये झडपांची उघडझाप वेगानुसार बदलणारी रचना करून १.६ लिटरच्या साध्या इंजिनातून १६० अश्वशक्ती काढली. शिवाय १९९३ पासून युरोपात नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र बंधनकारक झाले. ते अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि मध्ये बसलेला टर्बोचा लोखंडी गोळा सकाळच्या थंडीत सगळी ऊब आधी स्वतःच शोषून घेतो. झाले! साब, व्होल्वो, सुबारू अशा काहींनी साथ सोडली नाही. बाकीच्यांनी पेट्रोल मोटारींतून टर्बो बहुतांशी बाजूला ठेवला.

डिझेलची गोष्ट मात्र निराळी. डिझेल इंजिनात दट्ट्या नुसती हवा दाबतो, इंधन मागाहून येते. जळायला आत काही नसेल तर वेळेपूर्वी भडकणार काय? त्यामुळे टर्बो आणि डिझेल यांचा संसार सुखाचा झाला. मालगाड्या ओढणाऱ्या आपल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनालाही टर्बो होता. मोटारींत तो १९७८ मध्ये मर्सिडीजने आणला. आपल्याकडे पुण्याजवळच्या रांजणगावला पूर्वी बनणारे फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन अनेकांच्या परिचयाचे आहे. तेच इंजिन साध्या टर्बोवर ७५ आणि पाती वळवता येणाऱ्या टर्बोवर ९० अश्वशक्ती देत असे.

पेट्रोल मोटारींत टर्बो तिसऱ्यांदा आला तो २००५ च्या सुमारास, आणि या वेळी शक्तीसाठी नव्हे, तर बचतीसाठी! शक्ती वाढवणारे यंत्र इंधन कसे वाचवील? पेट्रोल मोटार सावकाश चालते तेव्हा हवेच्या वाटेतले झाकण जवळजवळ मिटलेले असते. अरुंद फटीतून श्वास घेताना दट्ट्याला उगाच श्रम पडतात; नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा म्हणजे कळेल. इंजिन जितके मोठे, तितके झाकण जास्त मिटलेले आणि तितके हे श्रम अधिक. म्हणून इंजिनच लहान घ्यावे, एरवी ते मोकळ्या नाकाने चालेल, आणि चढावर टर्बो मदतीला येईल, असा हा विचार. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची सोयही तोवर झाली होती. फवारा आतच बाष्प होऊन मिश्रण गार करतो, म्हणजे जेटफायरची वेगळी टाकी आता लागत नाही.

यामागे कायद्याचाही रेटा होता. युरोपीय संघाने कंपनीच्या सर्व नव्या मोटारींची कार्बन डायऑक्साइडची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणि पुढे २०२१ पर्यंत ९५ ग्रॅमवर आणायला सांगितले. ९५ ग्रॅम म्हणजे पेट्रोल मोटारीने लिटरला सुमारे २४ किलोमीटर जाणे. फोर्डने २०१२ मध्ये एक लिटरचे तीन सिलिंडरांचे टर्बो इंजिन आणले. त्याचा ठोकळा साध्या टंकलेखनाच्या कागदावर मावे, आणि शक्ती १२५ अश्वशक्तीपर्यंत. फेरारीसारख्या कंपनीनेही २०१५ साली आपल्या गाजलेल्या साध्या इंजिनाच्या जागी टर्बो बसवला.

परंतु कागदावरची बचत आणि खिशातली बचत यांत अंतर पडू लागले. युरोपातील तेव्हाची चाचणी फारच सौम्य होती. तीत ताशी ५० किलोमीटर वेग गाठायला २६ सेकंद दिले जात! एवढ्या संथ चालीत टर्बोला काम पडतच नाही आणि लहान इंजिन आपले उत्तम रूप दाखवते. रस्त्यावर माणूस घाईत असतो. टर्बोने जोर धरला की सायलेन्सरकडे जाणारे वायू हजार अंशांच्या आसपास पोचतात, आणि चक्र वितळू नये म्हणून केवळ थंडाव्यासाठी जास्तीचे पेट्रोल फवारावे लागे. ते जळतसुद्धा नाही, वायाच जाते. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक-मासिकाने २०१३ साली मोटारी चालवून पाहिल्या आणि लहान टर्बोवाल्या कित्येक मोटारी मोठ्या साध्या इंजिनांच्या मोटारींहून काटकसरी नाहीत, असे जाहीर केले. २०१७ पासून युरोपात कडक चाचणी आणि खुद्द रस्त्यावरची धूरतपासणी सुरू झाली. त्याच वर्षी फोक्सवॅगनने आपल्या १.४ लिटरच्या टर्बो इंजिनाच्या जागी १.५ लिटरचे आणले. इंजिन पुन्हा किंचित वाढले, बरे का!

जपानी कंपन्यांतील माझदा आणि टोयोटा यांनी या लाटेत मुख्यतः साध्या इंजिनावरच भर दिला होता. २०११ पासून माझदाने मिश्रण चौदा पट दाबणारे साधे इंजिन विकले. जळालेले तप्त वायू सिलिंडरमध्ये रेंगाळले की नॉकिंग होते, म्हणून त्यांनी बाहेर जाणाऱ्या नळ्या लांब आणि वळणदार करून ते वायू निपटून काढले. टोयोटाने अडीच लिटरच्या साध्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ४० टक्क्यांवर नेली. हेच लोक गरज पडेल तेथे टर्बोही वापरतात. त्यांचे वैर टर्बोशी नाही.

आपल्या देशात या निवडीला कराचे वळण आहे. मोटार चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरच्या आत असेल तर कर कमी. मग एक-सव्वा लिटरला टर्बो जोडून मोठ्या इंजिनाचा जोर मिळवणे कारखानदाराला परवडते. टाटांच्या नेक्सॉनमध्ये २०१७ पासून तेच आहे. मारुतीने मात्र २०१७ साली बलेनो आरएसमध्ये एक लिटरचा टर्बो दिला, पुढे तो मागे घेतला, २०२० मध्ये ब्रेझाला जादा कर सोसून दीड लिटरचे साधे इंजिन लावले, आणि २०२३ मध्ये फ्रॉन्क्सवर तोच टर्बो परत आणला. एकाच कंपनीची सहा वर्षांतली ही ये-जा पाहा!

विजेच्या मोटरने आता या वादात दोन्ही बाजूंना मदत केली आहे. संकरित मोटारीत सुरुवातीचा जोर विजेची मोटर देते, त्यामुळे साधे काटकसरी इंजिन पुरते; २०२२ साली आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांचे संकरित नमुने असेच आहेत. उलट पोर्शने २०२४ साली विजेची लहानशी मोटर थेट टर्बोच्या दांड्यावर बसवली. वायूंची वाट न पाहता ती चक्राला क्षणात वेग देते आणि वायू जास्त झाले की त्याच दांड्यावर वीजही तयार करते.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. वरच्या उदाहरणात दाब दीडपट न करता दुप्पट केला, तर २७ अंशांची हवा सुमारे १२१ अंशांपर्यंत तापते. इंटरकूलर नसताना हवेची घनता किती पट होईल? आणि इंटरकूलरने ती ५० अंशांवर आणली तर? पहिले उत्तर १.५२ आणि दुसरे १.८६ च्या जवळ यायला हवे.